बसलेलं इंजिन

बाबा,

आज सकाळी मी बाजारात एका दुकानदाराशी भांडले. या वयात, हातात काठी आणि काखेत भाजीची पिशवी असताना, चांगला आवाज चढवून भांडले. तुमचा नातू, म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा मुलगा, आता चाळिशीचा आहे आणि त्याने होडीला नवं इंजिन घेतलंय. त्याच्यासाठी तेल घ्यायला आम्ही त्या दुकानात गेलो होतो. दुकानदाराने तेलाबरोबर एक चिमुकली काळी बाटली पुढे केली आणि म्हणाला, "ही पहिल्या दिवसापासून घाला, काका. झीज म्हणून होणार नाही." बाबा, माझं डोकंच फिरलं. मी पिशवी खाली ठेवली आणि म्हटलं, "नव्या इंजिनात? आणि मग रिंगा बसायच्या कुठे, तुमच्या डोक्यावर?" दुकानात चार माणसं होती, ती हसली. नातू बिचारा शरमून गेला. मला गप्प करायला म्हणून त्याने इंजिनाबरोबर आलेली पुस्तिका उघडली आणि वाचू लागला. वाचता वाचता थांबला. मग माझ्याकडे बघून पुन्हा मोठ्याने वाचलं. त्यात स्पष्ट मराठीत छापलंय की सुरुवातीच्या दिवसांत झीज रोखणारी कसलीही भुकटी किंवा मिश्रण तेलात घालू नये, रिंगा बसू द्याव्यात. बसू द्याव्यात! बाबा, तुमचा शब्द, तुमचाच शब्द छापलाय! मी तिथेच टाळी वाजवली. काठी पडली, ती दुकानदारानेच उचलून दिली.

घरी आले ती सरळ लिहायला बसले. जेवण अजून झाकून ठेवलंय. तोंडाने मी तुम्हाला आयुष्यभर तूच म्हटलं, पण पेन कागदाला लावलं की आपोआप तुम्ही येतं. मास्तरीणपणा आहे, चालवून घ्या.

ते वर्ष मला तारखेने आठवत नाही, पण नारळी पुनव झाली होती आणि मी शाळेत विज्ञान शिकवायला लागून दुसरं वर्ष चालू होतं. तुम्ही तरुणपणी दहा वर्षं आगबोटीवर होतात. आई टायफॉइडने अंथरुणाला खिळली तेव्हा घरी आलात ते परत गेलाच नाहीत. मग भाताच्या गिरणीचं एक म्हातारं इंजिन, कोणाच्या बागेतला पंप, एवढ्यावरच तुमची हौस चालायची. आगबोट किनाऱ्यापासून लांब उभी राहून भोंगा द्यायची तेव्हा तुम्ही हातातलं काम थांबवून ऐकायचात आणि सांगायचात, आज तिचं डावं इंजिन कुरकुरतंय. आई म्हणायची, माझ्या तापाने ह्यांची आगबोट बुडवली. तुम्ही त्यावर कधी काही बोलला नाहीत, पण मला ठाऊक होतं की तुम्हाला एक इंजिन हवं होतं. आपल्या हाताखालचं, समुद्रावरचं.

आणि ते आलं! लॉरीतून, फळ्यांच्या खोक्यात, हिरव्या रंगाचं, एका सिलिंडरचं डिझेल इंजिन. मच्छीमार सोसायटीच्या होडीत ते बसवायचं होतं, आणि आपल्या बंदरावर वल्ह्याशिवाय आणि शिडाशिवाय चालणारी ती पहिली होडी होणार होती. अख्खं गाव जमलं होतं. खोकं उघडल्यावर नव्या रंगाचा आणि ग्रीसचा असा वास सुटला की मला मोठा श्वास घ्यावासा वाटला. तुम्ही पुढे झालात, मग थांबलात, मागे वळून माझ्या पदराला हात पुसलेत आणि मगच त्याला हात लावलात. माझी नवी साडी होती.

मासेमारी खात्याचे साहेब लॉरीबरोबर आले होते. घाटावरचे, उंच, चष्म्याचे, बोलणं स्वच्छ पुणेरी. त्यांनी आपल्या भागात तीन बंदरांना अशी तीन इंजिनं दिली होती. एक आपल्याला, आणि खाडीपलीकडच्या बंदरावरचं तुमच्या आगबोटीवरच्या जुन्या सोबत्याच्या हाती. साहेबांची अट सरळ होती. शंभर तास इंजिन चालवून दाखवायचं, मग ते स्वतः येऊन तपासणार. पास झालं तर तुम्ही त्या होडीचे कायमचे इंजिनवाले, नाहीतर इंजिन जाईल दुसऱ्या जिल्ह्याला. त्यांनी प्रत्येक इंजिनाबरोबर एक डबा दिला, मुठीएवढा, काळ्या भुकटीने भरलेला. ग्राफाइट. शिसपेन्सिलीत असतं तेच, पण इतकं बारीक की बोटाला लागलं तर धुऊन जात नाही. सोबत टंकलेला कागद होता: तेलात रोज एक चमचा, पहिल्या दिवसापासून. ही भुकटी लोखंडाच्या दोन पृष्ठभागांमध्ये जाऊन बसते आणि त्यांना एकमेकांना घासू देत नाही, असं साहेबांनी समजावून सांगितलं. मी तर हरखून गेले. मला वर्गात शिकवायला याहून चांगलं उदाहरण कुठे मिळणार होतं?

घरी येऊन मी तो कागद तुम्हाला वाचून दाखवला. तुम्ही म्हणालात, "परत वाच बघू." मी परत वाचला. तुम्ही डबा उचललात आणि देवांच्या फळीवर, गणपतीच्या मागे ठेवून दिलात.

"घालूचा नाय," तुम्ही म्हणालात. "नव्या इंजिनाक आधी थोडा झिजूक होया."

"साहेब शिकलेलो आसा, बाबा. कागदार लिवला हा."

"कागदार लिवल्यानी म्हणान इंजिनाक कळता काय गो?"

मी तेवीस वर्षांची होते, पदवी ताजी होती. झिजणं म्हणजे खराब होणं, याच्या पलीकडे मला काही दिसत नव्हतं. तुम्ही हट्टाने हातचं इंजिन घालवणार असं वाटलं आणि भीतीने माझी जीभ सुटली. "तू आगबोटीर तेल घालूक होतंस, बाबा," मी म्हटलं. "इंजिन चलवूक दुसरे होते." खरंच होतं ते. तुम्ही तिथे तेलवाले होतात, हातात लांब चोचीचा डबा घेऊन फिरणारे. पण असं खरं कोणी बापाला ऐकवत नाही. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, रागाने नाही, आणि म्हणालात, "होय. तेल घालणाऱ्याक तेल कळता." आणि अंगणात निघून गेलात. ते वाक्य मी नंतर कितीदा आठवलंय, आणि दर वेळी कान गरम होतात.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात जे झालं ते आठवून मात्र मी आत्ताही एकटी हसतेय. आईचा जुना वरवंटा दुभंगला होता आणि तिने शिरोड्याच्या बाजारातून नवा आणला होता. तो पाट्यावर डुगडुगायचा. आई मागीलदारी मासे साफ करत होती. तुम्ही आत आलात, देवांच्या फळीवरचा डबा काढलात, चिमूटभर भुकटी घेतलीत आणि सरळ पाट्यावर चोळलीत. वर खवलेलं खोबरं ठेवून मला म्हणालात, "हां, वाट आता." मी बसले वाटायला. बाबा, वरवंटा असा काही घसरायला लागला! खोबरं पुढे जाई, मागे येई, पण वाटलं म्हणून जाईना. सगळं काळं झालं, माझे हात काळे, आणि खोबरं जसंच्या तसं. तुम्ही उकिडवे बसून गालातल्या गालात हसत होता. तेवढ्यात आई आली.

"माझ्या पाट्याक काय केलास ह्या?" तिने हातातली टोपली आपटली. "चार दिस मी भिजवलेले तांदूळ वाटून वाटून फेकून देतंय, ह्यो वरवंटो बसवतंय! अजून धड बसूक नाय, आणि तुमी तेका शाय फासलास!"

तुम्ही ताडकन उभे राहिलात. "आयकलंस गो?" आनंदाने तुमचा आवाज फाटला होता. "बसवतंय म्हणता ती! घासल्याशिवाय बसता काय? दोगांनी येकमेकाक जरा खावक होया, मगे दोगां येकमेकात बसतत!"

आई म्हणाली, "आता तुमी दोगां बसा आणि पाटो घासा." आणि आपण दोघं बसलो. काथ्याने, राखेने, परत काथ्याने. दोन दिवस आमटीला पेन्सिलीची चव येत होती. पण माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता. पिस्टनला बांगड्यांसारख्या रिंगा असतात, त्या सिलिंडरच्या भिंतीला घासत वरखाली होतात. नव्या रिंगा आणि नवी भिंत डोळ्याला गुळगुळीत दिसतात, पण दोन्हींवर बारीक खडबड असते. ती एकमेकींना घासून गेली की रिंग भिंतीला सगळीकडून टेकते, मग ना तेल वर जात ना धूर खाली येत. पहिल्या दिवसापासून मध्ये भुकटी घातली तर ती खडबड जायची कशी? वरवंटा डुगडुगतच राहणार. हे मला कुठल्या पुस्तकाने सांगितलं नव्हतं. आईच्या पाट्याने सांगितलं. तरीही बाबा, मी पूर्ण तुमच्या बाजूला आले नव्हते. मला पुरावा हवा होता, आणि साहेबांनाही तो लागणार होता.

मग सुरू झाले ते शंभर तास. काय दिवस होते ते! मी शाळा सुटली की पुस्तकं तशीच छातीशी धरून बंदरावर पळत यायची. तुम्ही इंजिन नुसतं रिकामं फिरवायचं नाही म्हणायचात, त्याला ओझं हवं, पण बेताचं. पहिल्या दिवशी होडीत रेतीची दोन पोती, चार दिवसांनी चार, मग सहा. रेती भरून समुद्रात जायचं आणि रेती घेऊनच परत यायचं. जाळी विणत बसलेल्या माणसांना आयता विषय मिळाला. "मेस्त्रीनू, दर्यात रेती कमी पडली काय?" असं रोज कोणीतरी ओरडायचं. तुम्ही हात वर करून सांगायचात, "उद्या आणकी हाडतंय!" थोडं जोरात चालवायचं, थोडं सावकाश, मग बंद करून हात लावून बघायचं, जसं आई आमच्या कपाळाला हात लावून बघायची.

आणि तेल! पहिलं तेल काढलंत तेव्हा तळहातावर थेंब घेऊन तुम्ही मला उन्हात नेलंत. त्यात चांदीचा चुरा असावा तशी चमक होती. "ही झीज," तुम्ही म्हणालात. "ही होवकच होयी. तुझ्या काळ्या तेलात ही दिसतली खंय?" मी शाळेतला टीपकागद आणला होता. प्रत्येक वेळी तेल काढलं की त्याचा एक थेंब टीपकागदावर टाकायची, वाळवायची, खाली किती तास झाले ते लिहायची. पहिल्या थेंबात चमकच चमक. दुसऱ्यात कमी. तिसऱ्यात कागद तिरका धरून शोधावी लागली. पाचवा थेंब मी खिडकीत धरला, अंगणात धरला, भिंग लावून बघितला आणि ओरडत घरभर फिरले, कारण त्यात काहीच नव्हतं! झीज सुरू झाली होती, पुरेशी झाली होती आणि आपली आपण थांबली होती. आई म्हणाली, चेडवाचा लगीन ठरला तरी येवढी नाचूची नाय. आणि खरंच, नंतर ठरलं तेव्हा मी नाचले नाही.

पण खाडीपलीकडून वाईट बातम्या येत होत्या. तुमच्या सोबत्याने साहेबांचा कागद तंतोतंत पाळला होता, आणि त्याचं इंजिन निळा धूर ओकत होतं, तेल पीत होतं. तिसऱ्या बंदरावरही तेच. साहेबांना वाटलं भुकटी कमी पडतेय, त्यांनी दोन चमचे सांगितले. धूर वाढला. तो सोबती एकदा तरीच्या होडीतून आपल्याकडे आला, पडवीत बसला, आईने दिलेला चहा तसाच थंड झाला. "माका म्हणतत, तुका इंजिन कळणा नाय," तो म्हणाला. "वीस वर्सां आगबोटीर काढलंय मी." तुम्ही त्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिलात. मग मला म्हणालात, साहेबाक लिव.

मी लिहिलं. विनंती विशेष, आमच्या बंदरावरील इंजिन समाधानकारक चालत असून आपण पाहणीस यावे, भुकटीसंबंधी काही निरीक्षणे निवेदन करावयाची आहेत. उत्तर नाही. दुसरं लिहिलं, अधिक आदबीने. उत्तर नाही. तिसऱ्याला उत्तर म्हणून सोसायटीला छापील पत्र आलं: सर्व तीन इंजिने असमाधानकारक असल्याचे दिसून येत असल्याने शुक्रवारी लॉरीने परत नेण्यात येतील. सर्व तीन! आपलं न बघताच! सोसायटीच्या चेअरमननी ते पत्र तुमच्या हातात दिलं तेव्हा सोमवार होता, आणि शंभरातले शेवटचे तास नुकतेच पुरे झाले होते. तुम्ही ते मला वाचायला दिलंत. मग इंजिनाजवळ जाऊन त्याचं पितळी झाकण पुसायला लागलात, पुसलेलंच परत परत पुसत राहिलात. बाबा, तुमची पाठ मी तेव्हा पहिल्यांदा म्हाताऱ्या माणसाची बघितली. मला रडू येत होतं आणि रागही, आणि मला वाटतं राग जास्त होता.

संध्याकाळच्या एस.टी.ला अर्धा तास होता. कंडक्टर आपल्या ओळखीचा, चिठ्ठी हातोहात साहेबांच्या घरी पोचवणार होता. मी वहीचं पान फाडलं आणि विचारलं, काय लिवू? तुम्ही मान वर न करता सांगितलंत, "लिव, इंजिन बरा बसला, बेगीन येवन बघा." मी लिहिलं, घडी घातली आणि धावत जाऊन कंडक्टरच्या हातात दिली.

मंगळवारी सकाळी नऊच्या आत साहेबांची जीप बंदरावर. मी शाळेला निघाले होते, ती जीप बघून तशीच तिच्यामागे पळाले. साहेबांबरोबर एक फिटर, हत्यारांची पेटी, नवा पिस्टन, दोऱ्या, इंजिन उचलायची साखळीसुद्धा. चष्मा धुळीने भरलेला आणि तोंड लाल.

"कुठाय ते? कसं बसलं?" साहेब लांबूनच ओरडले.

तुमचा चेहरा खुलला! साहेब आले, आपल्या चिठ्ठीवर आले! तुम्ही पुढे झालात आणि साहेबांशी बोलायची ती तुमची खास भाषा लावलीत. "बसलं, साहेब! कालच बसलं! असं बसलेलं इंजिन मी आजपर्यंत बघितलं नाय!"

"आणि तुम्ही हसताय?"

"हसू नको तर काय करू, साहेब? शंभर तास ह्याचीच वाट बघत होतो!"

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा होता. त्यांनी खिशातून माझी चिठ्ठी काढली आणि सगळ्यांसमोर वाचली. "'इंजिन बसलं. लगेच या.' मास्तरीणबाई, हे अक्षर तुमचंच ना? बसलं म्हणजे काय? जॅम झालं, मेलं, संपलं, हाच अर्थ होतो ना मराठीत?" मग जाळीवाल्यांपैकी एकाला समजलं आणि तो असा हसत सुटला की बाकीचेही सुटले. "साहेबानू, आमच्याकडे बसला म्हणजे बरा झाला!" मी खाली मान घातली. तुम्ही मात्र हसला नाहीत. तुम्ही होडीत उडी घेतलीत, हँडल लावलंत, एकदा फिरवलंत, आणि इंजिन लागलं. एकदाच! त्याचा तो टप-टप-टप असा भरीव आवाज बंदरभर गेला. साहेबांनी साखळी धरलेल्या फिटरला हाताने थांबवलं. मी होडीत चढून दप्तरातला कोरा टीपकागद धुराच्या नळीसमोर धरला, तुम्ही रेतीच्या सहा पोत्यांसकट होडी हाकून आणलीत, आणि कागद जवळजवळ कोरा राहिला. तेलाचा एक ठिपका नाही. साहेबांनी तो माझ्या हातातून घेतला आणि नाकाशी धरला.

"भुकटी किती घातलीत?" त्यांनी विचारलं.

सरकारी हुकूम मोडला होता. तुम्ही इंजिन बंद केलंत आणि म्हणालात, "घातली नाय, साहेब. डबा घरी देवाकडे हा. चिमूटभर कमी आसात, ती आमच्या पाट्यार गेली."

आता वाटतं, तुम्ही तेव्हा खोटं बोलला असतात तरी चाललं असतं. कोण बघायला जाणार होतं? पण तुम्ही खरं सांगितलंत, आणि मग मी माझे टीपकागद होडीच्या फळीवर ओळीने मांडले. साहेब माणूस वाईट नव्हता, बाबा. तो गुडघ्यावर बसून एकेक थेंब उन्हात धरून बघत राहिला, आणि शेवटच्या थेंबाशी आल्यावर चष्मा काढून पुसला. "आणि आता?" त्यांनी तुम्हाला विचारलं. हुकूम नव्हता तो, खरोखर विचारत होते. "आता पुढे काय करायचं?"

तुम्ही माझ्याकडे वळलात. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. "जा गो, तुझो डबो घेवन ये," तुम्ही म्हणालात. "आता ता बसला. आता झिजूक नको. आता घाल." तुझा डबा म्हणालात. मी धावले, बाबा, चपला हातात घेऊन धावले. तुम्ही माझ्याच हातून पहिला चमचा घालून घेतलात. म्हणजे मीही चुकले नव्हते! भुकटी चांगलीच होती, फक्त तिची वेळ यायची होती. पुढे किती वर्षांनी ते इंजिन उघडलं तेव्हा सिलिंडरच्या वरच्या काठावर तुम्ही माझं नख फिरवायला लावलंत, आणि नखाला झिजेची खाच म्हणून लागली नाही.

त्याच दुपारी साहेब तुम्हाला जीपमध्ये घालून खाडीपलीकडे घेऊन गेले, आणि शाळेत खाडा करून मीही गेले. तुमच्या सोबत्याचं इंजिन उघडलं तर आतली भिंत आरशासारखी चकचकीत. साहेब म्हणाले, किती सुंदर आहे! तुम्ही म्हणालात, सुंदर हा म्हणानच वायट हा, भुकटीन खडबड बुजली, रिंगेक घासूक कायच रवला नाय. तुम्ही खरखरीत पॉलिश पेपर घेऊन तिच्यावर तिरक्या रेघा ओढल्यात, एकदा अशा, एकदा तशा, टाकी लावलेल्या पाट्यासारख्या. नवीन तेल, भुकटीविना, पोत्यांसकट. पंधरा दिवसांत त्याचा धूर गेला. शुक्रवारची लॉरी आलीच नाही. तो सोबती नंतर दर शिमग्याला तुमच्यासाठी फणसपोळी घेऊन येत राहिला, तुम्ही गेल्यावरही, तो जाईपर्यंत.

आणि गावाला काय मिळालं? मी मिळाले. पुढची कितीतरी वर्षं. हेडमास्तर मला बघून विचारायचे, "बाई, आज काय बसलं?" मुलं निबंधात मुद्दाम लिहायची. शिकलेली पोरगी कचेरीच्या चिठ्ठीत मालवणी अर्थाचा शब्द लिहून गेली, साहेबाला घामाघूम पळवत आणला, ही गोष्ट माझ्या लग्नातही सांगितली गेली. तुम्ही मात्र दर वेळी मध्ये पडायचात. छाती पुढे काढून सांगायचात, "चेडू शिकला, मास्तरीण झाला, तरी बापाचो शब्द सोडूक नाय. मी सांगलंय ता शब्द ना शब्द लिवल्यान." शेवटच्या आजारात, बोलणं जड झालं होतं तेव्हा, भेटायला आलेल्या माणसाला तुम्ही तेच सांगितलंत. शब्द ना शब्द. आणि मी औषधाची बाटली हलवत उभी होते, तशीच उभी राहिले.

हे पत्र कुठे टाकणार? ते त्या भुकटीच्या रिकाम्या डब्यात राहील, डबा अजून माझ्याकडे आहे, आतून काळाच. पण आज तुमचा शब्द छापून आलेला बघितला आणि मला राहवलं नाही, म्हणून सांगून टाकते. तुम्ही सांगितलं होतंत, इंजिन बरा बसला. मला दोन्ही मराठी येत होत्या, बाबा. साहेब बऱ्या इंजिनासाठी येत नव्हते, तीन पत्रं लिहून मी ते बघितलं होतं. 'बरा' मी मुद्दाम गाळला.